हिमोग्लोबिन ठीक, तरी लोह कमी

रक्ततपासणीत हिमोग्लोबिन १२.४ आले की ‘रक्त चांगले आहे’ असे म्हणून बाई अहवाल कपाटात ठेवून देते. जागतिक आरोग्य संघटनेने स्त्रियांसाठी १२ ग्रॅम प्रति डेसिलिटर (गर्भवतींसाठी साधारण ११) ही रक्तक्षयाची सीमा मानली असल्याने तिचे म्हणणे चूक नाही. मात्र ते हिमोग्लोबिनपुरतेच खरे आहे, अंगातल्या लोहाबद्दल त्यावरून फारसे काही कळत नाही.

प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण ३ ते ४ ग्रॅम लोह असते. त्यातले सुमारे दोन-तृतीयांश तांबड्या पेशींच्या हिमोग्लोबिनमध्ये, तर उरलेल्यातले बरेचसे यकृत, प्लीहा आणि अस्थिमज्जा येथे फेरिटिन या प्रथिनात साठवलेले असते. मोकळे लोह पेशींना अपायकारक असल्यामुळे ते असे कोंडून ठेवावे लागते. फेरिटिनच्या एका पोकळ रेणूत लोहाचे साडेचार हजारांपर्यंत अणू मावतात. लोह कमी पडू लागले की आधी हा साठा खर्च होतो आणि तो जवळजवळ संपेपर्यंत हिमोग्लोबिन फारसे उतरत नाही. रक्तातील फेरिटिन १५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली गेले, की साठा संपला असे समजतात. अंगात जंतुसंसर्ग किंवा दाह असेल तर मात्र हाच आकडा फुगतो, म्हणून डॉक्टर त्यासोबत अनेकदा सीआरपी (दाह असल्यास रक्तात वाढणारे एक प्रथिन) तपासायला सांगतात.

अस्थिमज्जेला नव्या पेशी घडवण्यासाठी रोज २० ते २५ मिलिग्रॅम लोह लागते, पण अन्नातून मिळते जेमतेम १ ते २. बाकीचे सगळे १२० दिवसांचे आयुष्य संपलेल्या जुन्या पेशी मोडून परत मिळवले जाते. जादा लोह बाहेर टाकण्याची सोय शरीरात नसल्याने आत किती घ्यायचे यावरच सारे नियंत्रण ठेवावे लागते, आणि ते काम यकृतात तयार होणारे हेपसिडिन हे संप्रेरक करते. आतड्याच्या पेशींतून रक्तात लोह सोडणारे फेरोपोर्टिन हे प्रथिन हेपसिडिनमुळे निकामी होते. दीर्घ आजारात हेपसिडिन वाढलेले राहते, त्यामुळे साठा असूनही लोह वापरता येत नाही. लोहाच्या मोठ्या गोळीनंतरही हेपसिडिन सुमारे दिवसभर चढलेले असते. काही डॉक्टर गोळी एक दिवसाआड देतात ते यासाठीच.

आहाराच्या बाबतीत पालकाचे कौतुक जरा जास्तच झाले आहे, असे मला वाटते. त्यातले लोह आतड्यात फार थोडे शोषले जाते. त्यापेक्षा मोड आलेल्या मटकीची उसळ बरी, कारण मोड येताना लोहाला अडवणारे फायटेट कमी होते आणि वरून पिळलेल्या लिंबातले क जीवनसत्त्व शोषण वाढवते. जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर घेतलेला चहा मात्र हा फायदा बराचसा घालवतो.

शिवाय प्रत्येक रक्तक्षय लोहाच्या कमतरतेने होतो असे नाही. बी-१२ची कमतरता, गडचिरोली-नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात आढळणारा सिकलसेल (तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होणारा आनुवंशिक आजार) आणि थॅलेसेमिया (हिमोग्लोबिन नीट न बनण्याचा आनुवंशिक आजार) ही त्याची निराळी कारणे आहेत. थॅलेसेमिया मायनर, म्हणजे या आजाराचा सौम्य प्रकार, असलेल्यांच्या तांबड्या पेशी लोह कमी असल्यासारख्याच लहान दिसतात, त्यामुळे त्यांना वर्षानुवर्षे विनाकारण लोहाच्या गोळ्या दिल्या जाण्याची शक्यता असते. पेशी लहान असूनही फेरिटिन भरपूर असेल, तर हिमोग्लोबिन ए-२ हा हिमोग्लोबिनचा एक प्रकार मोजणारी तपासणी करून घ्यावी. थॅलेसेमिया मायनरमध्ये त्याचे प्रमाण सहसा साडेतीन टक्क्यांच्या वर असते.