सुट्टी दुकानाची, रजा माणसाची

“दादानु, चवथीक पाच दिवस येवक गावाचा नाय हां.” आषाढ सरता सरता आमच्या पॅकिंगच्या काकी हे सांगून मोकळ्या होतात. आता ही मागणी सुट्टीची की रजेची? बोलताना आपण फरक करत नाही. ‘सुट्टी टाकली’ काय, ‘रजा काढली’ काय, सगळं एकच. फरक कळतो तो पगाराच्या दिवशी.

कुडाळजवळ हायवेला आमचं काजू, कोकम, खाज्याचं दुकान आहे, मागच्या बाजूला पॅकिंग. माणसं सहा. पहिल्या वर्षी चवथीचे, म्हणजे गणेश चतुर्थीचे, दिवस सगळ्यांनी सुट्टी समजून घरी काढले आणि मी रजा समजून पगार कापला. त्यात विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी चाकरमानी मुंबईला परतायला निघाले, दुकानापुढे गाड्यांची रांग, आणि काउंटरवर मी एकटा. काजूच्या पिशवीला सील मारायलासुद्धा कोणी नाही. महिनाभरात एक चांगला माणूस काम सोडून गेला. चूक माझी होती. आधी काहीच ठरवलेलं नव्हतं.

सुट्टी दुकानाची असते. शटर खाली, सगळे घरी, कुणी विचारायचं नाही आणि पगाराला हात लावायचा नाही. ती साठतही नाही, तो दिवस गेला की संपली. रजा एका माणसाची. दुकान चालू, तो नाही, आणि त्याच्या नावावरच्या खात्यातून एक दिवस वजा. रजा म्हणजे मुळातच परवानगी; म्हणून ‘दोन दिवस पुढे ढकलशील का’ असं मालक म्हणू शकतो. सुट्टीच्या बाबतीत तसं म्हणायची सोय नाही. गोंधळ उडतो तो साप्ताहिक सुट्टीपाशी, कारण आमच्याकडे प्रत्येकाचा वार वेगळा आणि दुकान रोज चालू. पण तीही सुट्टीच, रजेच्या खात्यात तिला जागा नाही. शनिवार आणि सोमवार रजा घेतली आणि मधला रविवार त्याच्या सुट्टीचा असला, तर मी दोनच दिवस मांडतो. काही जण तीन मांडतात. मला ते पटत नाही.

आकडे मी महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यातून उचलले. सहा माणसांच्या धंद्याला त्यातली रजेची सक्ती नाही, पण पट्टी म्हणून तो बरा. त्यात वर्षाला 8 पगारी सुट्ट्या आहेत: 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर, आणि उरलेल्या चार मालक-कामगारांनी वर्ष सुरू व्हायच्या आधी मिळून ठरवायच्या. रजेत वर्षाला 8 किरकोळ, दर तिमाहीला थोड्या थोड्या खात्यात पडणाऱ्या. न वापरलेल्या वर्षाअखेर बुडतात. शिवाय 240 दिवस काम भरलं की दर 20 दिवसांमागे एक हक्काची रजा, ती 45 पर्यंत साठते. ताप आला, गॅस सिलिंडर यायचाय, अशाला किरकोळ. लग्नकार्याला हक्काची.

खरी गंमत त्या चार सुट्ट्यांत आहे. चवथ, ऋषिपंचमी आणि पाडवा यांवर वाद झाला नाही. चौथी आंगणेवाडीच्या भराडी देवीची जत्रा. तिची तारीख तिथीवर नसते, देवीचा कौल घेऊन ठरते, त्यामुळे कॅलेंडरवर गोल करता येत नाही. आम्ही रकाना रिकामा ठेवतो आणि तारीख जाहीर झाली की खडूने भरतो. शिमगा मात्र रजेत टाकला. तो गावागणिक वेगळ्या दिवशी रंगतो आणि सहा माणसं पाच गावची; सगळ्यांच्या शिमग्याला शटर ओढलं तर काजू कोण विकणार? गावच्या जत्रांचंही तेच. पॅकिंगला एक ख्रिस्ती पोरगा आहे. तो पाडव्याला येऊन माल मोजतो, आणि त्या बदल्यात नाताळची सुट्टी घेतो.

उरला प्रश्न गणपतीच्या तिसऱ्या ते पाचव्या दिवसाचा. तेव्हा गिऱ्हाईक बेताचं, दोन माणसांत भागतं. थांबणारे दोघे श्रावणात चिठ्ठ्या टाकून ठरतात आणि त्यांची नावं पुढल्या वर्षीच्या चिठ्ठीत नसतात. सहाव्या दिवशी सकाळी आठला मात्र सगळे हजर. त्या दिवशी रजा नाही, मग कारण काहीही असो.

यंदा काकींची चिठ्ठी निघाली नाही. त्यांच्या पाच दिवसांतले दोन सुट्टीचे, तीन रजेचे. हक्काच्या पंधरा होत्या, बारा उरल्या. वही बघून म्हणाल्या, “ह्येतल्यो धा चेडवाच्या (मुलीच्या) बाळंतपणाक ठेव.”