ये रे ये रे पावसा

पावसाला बोलावणारे पारंपरिक मराठी बडबडगीत. कर्ता अज्ञात. मूल बोबडे बोलू लागले की पहिल्या दोन-चार गाण्यांत हे असतेच. गाण्याची कडवी दोन, ओळी आठ (इथे दोन-दोन एकत्र लिहिल्या आहेत):

ये रे ये रे पावसा, तुला देतो पैसा,
पैसा झाला खोटा, पाऊस आला मोठा.
ये गं ये गं सरी, माझे मडके भरी,
सर आली धावून, मडके गेले वाहून.

मुलगी म्हणत असेल तर ‘देतो’चे ‘देते’ होते. बोलीनुसार ‘माझं मडकं’ही म्हणतात.

प्रत्येक ओळीला चार टाळ्या पडतात. पहिल्या दोन टाळ्यांत दोन-दोन अक्षरे भराभर जातात आणि शेवटच्या शब्दाला दोन टाळ्या मिळतात: तुला, देतो, पै, सा. लहान मुले अडखळतात ती ‘पाऊस आला मोठा’पाशी, कारण तिथे एकाच टाळीत ‘पाऊस’ची तीन अक्षरे कोंबावी लागतात. ती मग सरळ ‘पौस’ म्हणून मोकळी होतात, आणि ताल सुटत नाही. ‘मडके’चा ‘ड’ही असाच अर्धा गिळला जातो. ‘भरी’ हे रूप ‘सरी’शी यमक जुळवण्यासाठी आले आहे, एरवी घरात ‘भर’ म्हणतील.

पाऊस पुल्लिंगी म्हणून ‘रे’, सर स्त्रीलिंगी म्हणून ‘गं’. लिंग आणि संबोधन शिकवायला याहून सोपा धडा नाही, आणि तो शिकवल्याचे मुलाला कळतही नाही.

गाण्यातला पैसा आजचा नव्हे. 1 एप्रिल 1957 रोजी दशमान नाणी येईपर्यंत रुपयाचे सोळा आणे आणि आण्याचे चार पैसे, म्हणजे रुपयाचे चौसष्ट पैसे होत. लाच तशी किरकोळच, त्यातही नाणे खोटे निघते. तरी पाऊस येतो, तोही मोठा! दुसऱ्या कडव्यात फजिती उलटते: मडके भरायला बोलावलेली सर मडकेच घेऊन जाते. ‘खोटा’चा गंभीर अर्थ लावणारे लावतात, पण दोन्ही कडवी एकत्र म्हटली की ती चेष्टाच वाटते.

दुष्काळी गावांत कडुलिंबाचा पाला अंगाला गुंडाळून घरोघर ‘धोंडी धोंडी पाणी दे’ म्हणत फिरण्याची चाल आहे. ते पावसासाठी केलेले खरे मागणे, हा खेळ.

मृग कोरडा गेला की वृत्तपत्रांच्या मथळ्यांत पहिली ओळ हमखास दिसते. संजय जाधव यांच्या 2018 मधील चित्रपटाने ‘पावसा’ काढून ‘ये रे ये रे पैसा’ असे नाव घेतले. इंग्रजी माध्यमातली मुले याच्या जोडीने ‘रेन रेन गो अवे’ही शिकतात आणि एका दमात पावसाला बोलावून हाकलूनही देतात.