आफ्रिकन सिक्लिडचे शेवाळखाऊ सोबती

मलावी, टांगानिका व व्हिक्टोरिया या आफ्रिकी सरोवरांतील सिक्लिड माशांच्या टाकीत काचेवरचे नि दगडांवरचे शेवाळ खाण्यासाठी सोडलेले इतर जातींचे मासे व गोगलगायी. निवड करताना सोबती शेवाळ खातो का, हा प्रश्न नंतरचा. त्याआधी पाहायचे ते त्याला कठीण, अल्कधर्मी पाणी मानवेल का आणि हद्दीसाठी भांडणाऱ्या शेजाऱ्यांपुढे त्याचा टिकाव लागेल का.

कोकणात अडचण पाण्यापासूनच सुरू होते. जांभ्यातून झिरपलेले विहिरीचे पाणी बहुधा मृदू आणि किंचित आम्लधर्मी असते, तर मलावीच्या माशांना साधारण ७.८ ते ८.६ सामू लागतो. यावर उपाय किनाऱ्यावरच मिळतो. तिसऱ्यांच्या आणि कालवांच्या शिंपा उकळून, गोड्या पाण्यात अनेकदा धुऊन, कुटून फिल्टरमध्ये ठेवल्या की पाण्यात चुना हळूहळू उतरतो आणि सामू वर येतो. प्रवाळ मात्र उचलू नये. वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे.

मलावीच्या खडकाळ काठावर राहणारे ‘म्बुना’ सिक्लिड स्वतःच दगडावरची शेवाळाची साय खरवडून खातात. टांगानिकातील ट्रॉफियस हा सिक्लिडही तसाच. त्यांची आतडी या तंतुमय खाण्यासाठीच लांब झालेली आहेत. सतत प्रथिनयुक्त खाद्य दिले तर पोट फुगण्याचा घातक आजार होऊ शकतो. म्हणून दगडांवर पातळ हिरवा थर राहू द्यावा, पुढची काच तेवढी पुसावी. शेवाळाचा एक कणही नको असे म्हणणारा या माशांचे अन्नच काढून घेतो.

मदतनीस हवाच असेल तर ब्रिसलनोज सर्वांत भरवशाचा. हा मूळचा दक्षिण अमेरिकेतील, मृदू पाण्याचा मासा. पण टाकीत पैदास झालेली पिल्ले कठीण पाण्याला सरावतात. अंगावर हाडांच्या पट्ट्यांचे कवच, लांबी सहसा १२ ते १५ सेंमी, आणि तो वावरतो रात्री, म्हणजे सिक्लिड शांत असताना. त्याला स्वतःची कपार लागते. नुसत्या शेवाळावर तो जगत नाही. दिवा मालवल्यावर काकडीची किंवा दुधीची चकती द्यावी.

दुकानात ‘सकर’ म्हणून बोटाएवढा मिळणारा मासा घेऊ नये. तो ४० सेंमीच्याही पुढे वाढतो, वाढेल तसे त्याचे शेवाळ खाणे कमी होते आणि विष्ठेने टाकी घाण होते. मग तो व्हाळात किंवा तळ्यात सोडून दिला जातो. भारतातील अनेक जलाशयांत हा परका मासा अशाच रीतीने पसरला आहे, आणि तिथून तो परत काढता येत नाही. नको झालेला मासा दुकानदाराला परत द्यावा. ‘चायनीज अल्गी ईटर’ लहानपणी कामाचा असतो, पण मोठेपणी आक्रमक होऊन रुंद अंगाच्या माशांच्या अंगावरचा बुळबुळीत थर चोखतो. ओटोसिंक्लस हे इवलेसे शेवाळखाऊ मासे व बारीक कोळंबी सिक्लिडांपुढे टिकत नाहीत. टांगानिकातील सिनोडाँटिस हा मिशीवाला मासा (कॅटफिश) सोबती म्हणून उत्तम, पण तो शेवाळ खाणारा नव्हे.

नेराइट गोगलगायींना चुनखडीयुक्त पाणी मानवते. मृदू पाण्यात त्यांचे शंख झिजतात. त्यांच्या अळ्या निमखाऱ्या पाण्यातच वाढत असल्याने टाकीत त्यांची संख्या बेसुमार होत नाही. काही सिक्लिड मात्र त्यांच्या स्पर्शिका तोडतात. कोकणच्या खाड्यांत व कांदळवनांत त्यांचे भाऊबंद आहेत, पण ते उचलून थेट गोड्या पाण्यात टाकू नयेत.

खाडीतला कालुंदर हाही सिक्लिडच, आणि तोही तंतुमय शेवाळ खातो. परंतु तो सहज २० सेंमीपर्यंत वाढतो, त्यामुळे घरगुती टाकीत तो म्बुनांबरोबर ठेवण्यात अर्थ नाही.

नवा सोबती सोडताना दगडांची मांडणी बदलावी. जुन्या हद्दी मोडतात, सगळेच मासे नव्याने जागा शोधू लागतात आणि नवख्याला कपार मिळते. दिवा बंद करून, संध्याकाळनंतर सोडणे अधिक चांगले.