रूढी एकट्याने का मोडत नाही : विधवा प्रथाबंदीच्या ठरावांची पार्श्वभूमी

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने पतीच्या निधनानंतर स्त्रीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र आणि जोडवी काढणे बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे पाऊल उचलण्याचे आवाहन केले. या ठरावांमागची मोहीम आपल्या सोलापूर जिल्ह्यातील करमाळ्याची. तेथील महात्मा फुले समाजसेवा मंडळाचे प्रमोद झिंजाडे यांनी आपल्या पश्चात पत्नीवर ही प्रथा लादली जाऊ नये, असे प्रतिज्ञापत्रच करून ठेवले होते. घरातल्या घरात सांगून भागण्यासारखी ही गोष्ट प्रतिज्ञापत्रावर आणि ग्रामसभेत का न्यावी लागली, हे समजून घ्यायचे तर माणसे रूढी पाळतात तरी का, या जुन्या प्रश्नाकडे वळावे लागते.

कायद्याने मुभा दिली म्हणजे रूढी सुटते, असे नाही. विधवाविवाहाला १८५६ मध्येच कायद्याची मान्यता मिळाली होती. तरीही त्यानंतर ३७ वर्षांनी, १८९३ मध्ये, धोंडो केशव कर्वे यांनी विधवेशी विवाह केला तेव्हा त्यांच्या मुरूड गावाने त्यांच्यावर बहिष्कार टाकला. पंगत, लग्नकार्य आणि मर्तिक या तिन्ही ठिकाणी माणसाला भावकी लागते आणि बहिष्काराची धार तिथेच असते. राज्याने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, तो जुलै २०१७ मध्ये लागू झाला आणि त्यात तीन वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद आहे. मात्र हा कायदा बहिष्काराचा आदेश देणाऱ्या पंचांना गाठू शकतो. बांगड्या फोडायला कोणी पंच आदेश देत नाही. तिथे जमलेली चार माणसे असतात आणि प्रत्येकाची नजर उरलेल्या तिघांकडे असते.

या नजरेचा अभ्यास मानसशास्त्रात विसाव्या शतकात झाला. मुझफ्फर शेरीफ यांनी १९३५ मध्ये दाखवून दिले की, उत्तर संदिग्ध असेल तेव्हा माणसे एकमेकांच्या अंदाजावरून स्वतःचा अंदाज ठरवतात. पुढे १९५१ मध्ये सॉलोमन ॲश यांनी उत्तर उघड दिसत असलेला प्रश्न घेतला : तीन रेषांपैकी कोणती रेषा दिलेल्या रेषेएवढी आहे? आधीच पढवून ठेवलेल्या मंडळींनी एकमुखाने चुकीचे उत्तर दिले की खऱ्या सहभागींची सुमारे एक तृतीयांश उत्तरे त्यांच्यामागे जात. पण सुमारे चतुर्थांश सहभागी एकदाही बधले नाहीत. ॲश यांच्या प्रयोगातले मला सर्वांत मोलाचे वाटणारे निष्कर्ष दोन आहेत. उत्तर मोठ्याने सांगण्याऐवजी कागदावर लिहायला दिले की दबाव ओसरत असे आणि गटातील एखाद्यानेही खरे उत्तर दिले की बहुमताची पकड लगेच सैल होई. इतरांना आपल्यापेक्षा जास्त कळते म्हणून मान डोलावणे वेगळे आणि ते आपल्याला दूर लोटतील म्हणून मान डोलावणे वेगळे, हा भेद डॉइच आणि जेरार्ड यांनी १९५५ मध्ये स्पष्ट केला.

विधवा प्रथेत दुसरा प्रकार ठळक दिसतो. हा विधी मृत्यूनंतर लगेचच, भावकी जमलेली असताना होतो. म्हणजे साक्षीदार सर्वांत जास्त आणि नकार देण्याचे बळ सर्वांत कमी, अशा वेळी. तो करणाऱ्या बहुधा स्त्रियाच असतात आणि त्यांतल्या काही स्वतः त्यातून गेलेल्या असतात. ‘मला पटत नाही, पण लोक काय म्हणतील’ असे त्यांतली प्रत्येक जण मनात म्हणत असेल, तरीही बांगड्या फुटतात, कारण त्या ‘लोकां’मध्ये आपणही आहोत हे कोणी बोलून दाखवत नाही.

अनुकरण मुळातच वाईट, असे यातून काढू नये. सिद्धेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वजांसोबत पांढरी बाराबंदी घालून चालणाऱ्या भक्तांना त्याच एकसारखेपणात आपलेपणा मिळतो. दुखावणारी रूढी सोडायची असते तेव्हा मात्र ती एकट्याने सोडणाऱ्याला महागात पडते. गेरी मॅकी यांनी १९९६ मध्ये चीनमधील पाय बांधण्याच्या प्रथेविषयी हेच मांडले. तेथे पालकांनी संघटना स्थापून मुलींचे पाय बांधणार नाही आणि पाय बांधलेली सून करणार नाही, अशा दोन्ही शपथा एकत्र घेतल्या. मुलीचे लग्न अडेल ही भीती त्यामुळे गेली आणि शेकडो वर्षांची प्रथा अनेक ठिकाणी एका पिढीत संपली.

ग्रामसभेच्या ठरावाला कायद्याचे बळ नाही, अशी टीका होते आणि ती खरी आहे. पण ठरावाचे काम वेगळे आहे. जे प्रत्येकाच्या मनात होते ते सर्वांदेखत बोलले जाते आणि ऐन वेळी एखादी जाऊ किंवा नणंद ‘गावाने ठरवलंय, राहू द्या’ असे म्हणून, थोरांचा मान न मोडता, पुढे झालेला हात अडवू शकते.