वाचनतज्ज्ञ शिक्षकांचे पदव्युत्तर प्रशिक्षण

वर्गात शिकवण्याचा अनुभव असलेल्या शिक्षकाला वाचनाच्या अध्यापनात विशेष पात्रता मिळावी, यासाठी विद्यापीठांतून दिले जाणारे शिक्षण. ही व्यवस्था सर्वांत ठळकपणे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आढळते. तेथे ‘रीडिंग स्पेशालिस्ट’ हे शाळेतील स्वतंत्र पद असून त्यासाठी अनेक राज्यांत शिक्षकाचा मूळ परवाना, वर्गाध्यापनाचा अनुभव, पदव्युत्तर अभ्यासक्रम आणि राज्याने नेमलेली लेखी परीक्षा अशा पायऱ्या असतात. अभ्यासक्रम साधारणतः ३० ते ३६ श्रेयांकांचा (क्रेडिट) असतो. विद्यार्थी बहुधा नोकरी सांभाळून शिकणारे असल्यामुळे तासिका संध्याकाळी किंवा उन्हाळी सुटीत घेतल्या जातात.

या शिक्षणाचे मूळ वाचनचिकित्सालयांत, म्हणजे वाचनात अडचण असलेल्या मुलांना तपासून शिकवणाऱ्या केंद्रांत आहे. ग्रेस फर्नाल्ड यांनी १९२१ मध्ये लॉस अँजेलिस येथील विद्यापीठात असे एक केंद्र सुरू केले. शब्दावरून बोट फिरवत तो मोठ्याने उच्चारायचा आणि मग न पाहता लिहायचा, ही त्यांची पद्धत होती. त्याच सुमारास सॅम्युअल ऑर्टन या मेंदूतज्ज्ञाने वाचता न येणाऱ्या मुलांच्या अडचणींचा अभ्यास केला आणि ॲना गिलिंगहॅम यांनी त्याआधारे ध्वनी व अक्षरे क्रमाने शिकवण्याची पद्धत बसवली. १९५६ मध्ये दोन जुन्या संघटना एकत्र येऊन आंतरराष्ट्रीय वाचन संघटना स्थापन झाली. शिकागो विद्यापीठाचे विल्यम ग्रे हे तिचे पहिले अध्यक्ष. मात्र वाचनतज्ज्ञांची मागणी खऱ्या अर्थाने वाढवली ती १९६५ च्या शिक्षण कायद्याने. गरीब वस्त्यांतील शाळांना त्यातून केंद्र सरकारचा पैसा मिळू लागला, आणि मागे पडलेल्या मुलांना वर्गाबाहेर नेऊन शिकवणारे उपचारात्मक शिक्षक मोठ्या संख्येने नेमले गेले.

अभ्यासक्रमात भाषाविज्ञान, वाचनाचे मानसशास्त्र, बालसाहित्य, मूल्यमापन आणि दुसरी भाषा म्हणून इंग्रजी शिकणाऱ्या मुलांचे अध्यापन हे विषय असतात. वरील संघटनेने (२०१५ पासून तिच्या नावात ‘वाचन’ऐवजी ‘साक्षरता’ हा शब्द आला) घालून दिलेल्या २०१७ च्या निकषांची संख्या सात आहे. त्यांतला सातवा निकष प्रात्यक्षिकाचा आहे. क्रमाने तो शेवटचा असला, तरी पदवीचा खरा कस तेथेच लागतो, असे म्हणण्यास हरकत नाही. प्रशिक्षणार्थी शिक्षक अनुभवी मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली एखाद्या मुलाची वाचनचाचणी घेतो, निदान करतो, काही आठवडे त्याला शिकवतो आणि शेवटी त्याविषयी अहवाल लिहितो.

या प्रात्यक्षिकातील एक जुने साधन म्हणजे न्यूझीलंडच्या मेरी क्ले यांनी रूढ केलेली वाचननोंद. मूल मोठ्याने वाचत असताना शिक्षक प्रत्येक बरोबर शब्दासाठी एक खूण करतो, चुकलेल्या शब्दाच्या जागी मुलाने काय वाचले ते लिहितो आणि मुलाने स्वतःहून दुरुस्ती केली तर तीही टिपतो. शंभर शब्दांत सहा चुका झाल्या, तर अचूकता ९४ टक्के धरली जाते. प्रचलित मोजपट्टीनुसार ९० ते ९४ टक्के म्हणजे शिक्षकाच्या मदतीने वाचण्याजोगा मजकूर. त्याखाली गेल्यास तो मजकूर मुलासाठी अवघड मानला जातो. वाचनात मागे पडलेल्या लहान मुलांना एकेकटे शिकवण्याच्या ‘रीडिंग रिकव्हरी’ या क्ले यांच्या कार्यक्रमाचे अमेरिकेतील प्रशिक्षण १९८४ मध्ये ओहायो राज्य विद्यापीठात सुरू झाले. त्यात एक शिक्षक एकतर्फी काचेपलीकडे मुलाला शिकवतो आणि अलीकडे बसलेले सहकारी त्याच्या प्रत्येक निर्णयाची तेथल्या तेथे चर्चा करतात. शिक्षकाने इतरांच्या नजरेसमोर शिकवण्याची सवय एरवी अनेक देशांत फारशी नसते.

चुकांचा अर्थ कसा लावायचा, यावरून मात्र या क्षेत्रात मोठा वाद आहे. ‘हॉर्स’ असे छापलेले असताना एका मुलाने ‘हाउस’ वाचले आणि दुसऱ्याने चित्र पाहून ‘पोनी’ म्हणजे तट्टू वाचले, अशी कल्पना करू. एका मतानुसार दुसऱ्या मुलाची चूक अधिक चांगली, कारण वाक्याचा अर्थ टिकला. त्याविरुद्ध मत असे की पहिल्या मुलाने निदान अक्षरांकडे पाहिले. दुसरा अंदाजावर चालला आहे आणि चित्रे नसलेल्या पुस्तकात तो अडखळणार. अमेरिकी संसदेच्या सूचनेवरून नेमलेल्या राष्ट्रीय वाचन मंडळाने २००० मधील अहवालात ध्वनिजाणीव (शब्दातले सुटे ध्वनी ओळखणे), अक्षर-ध्वनी संबंध, ओघवते वाचन, शब्दसंग्रह आणि आकलन या पाच अंगांवर भर दिला. तरीही अनेक अध्यापक महाविद्यालयांत अंदाजाने वाचण्याचा विचार पुढेही शिकवला जात राहिला. २०१३ नंतर मिसिसिपीपासून सुरुवात होऊन अनेक राज्यांनी अक्षर-ध्वनींवर आधारित वाचनाध्यापनासाठी कायदे केले. एकाच नावाची पदवी घेतलेले दोन शिक्षक म्हणूनच अगदी उलट सल्ला देऊ शकतात; पदवी कोणत्या काळात आणि कोणत्या विद्यापीठातून घेतली, हे विचारावे लागते.

दरम्यान कामाचे स्वरूपही पालटले आहे. पूर्वी वाचनतज्ज्ञ मुलांना शिकवत असे. आता त्याने इतर शिक्षकांच्या वर्गात बसून त्यांना मार्गदर्शन करावे, अशीही अपेक्षा असते. २०१७ च्या निकषांत म्हणूनच तज्ज्ञ, मार्गदर्शक आणि समन्वयक अशा तीन भूमिका वेगळ्या केल्या आहेत. मुलाशी उत्तम जमणाऱ्या शिक्षकाला समवयस्क सहकाऱ्याची चूक दाखवणे जमेलच असे नाही, आणि हे कौशल्य एखाददुसऱ्या तासिकेत शिकवता येत नाही.

महाराष्ट्रातील शाळांच्या पदरचनेत वाचनतज्ज्ञ असे स्वतंत्र पद नाही, डी.एल.एड. आणि बी.एड. अभ्यासक्रमांत वाचनाध्यापन हा भाषाविषयाचाच भाग असतो. फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत मॅक्सिन बर्नसन यांनी मराठी वाचन शिकवण्याची स्वतंत्र मांडणी केली. पालघर जिल्ह्यातील वाडा आणि कर्नाटकातील यादगीर येथील मुलांच्या मराठी व कन्नड वाचनाचा काही वर्षे चाललेला अभ्यासही झाला आहे. अमेरिकी अभ्यासक्रम जसाच्या तसा उचलता न येण्याचे कारण लिपीत आहे. इंग्रजीत अक्षरे २६, पण एका अक्षराचे उच्चार अनेक. मराठीत उच्चार बराचसा ठाम, पण बाराखडी धरल्यास ओळखायच्या आकृत्या चारशेच्या वर जातात आणि जोडाक्षरे त्याहून निराळी. ‘पाणी’चे ‘पणी’ वाचणाऱ्या मुलाला ‘प’ येतो, काना निसटतो. ‘पाणी’चे ‘जल’ वाचणाऱ्याची अडचण वेगळी असते. पहिल्याच्या सरावात काना-वेलांटीसारखी स्वरचिन्हे हवीत, दुसऱ्याला आधी चित्र झाकून वाचायला लावावे लागते.