आधी दुरुस्ती, मग भंगार

जुनी इलेक्ट्रॉनिक वस्तू वापरणं ही पर्यावरणाची नवी चळवळ आहे, असं आज अनेकांना वाटतं. भारतापुरतं बोलायचं तर हे उलटं आहे. आपल्याकडचं सुरुवातीचं संगणकयुगच मोठ्या प्रमाणात जुन्या यंत्रांवर उभं राहिलं.

आयबीएम या अमेरिकी कंपनीने १४०१ हा संगणक १९५९ साली बाजारात आणला. परदेशात वापरून झालेली ही यंत्रं मुंबईतल्या कारखान्यात येत. तिथे ती उघडून, तपासून, सुटे भाग बदलून पुन्हा उभी केली जात आणि इथल्या कंपन्यांना नि सरकारी संस्थांना भाड्याने दिली जात. जुना माल गळ्यात मारून भाडं मात्र भरपूर घेतलं जातं, अशी टीका त्यावर झाली आणि ती रास्तच होती. पण त्या निमित्ताने इथल्या तंत्रज्ञांना यंत्र आतून बाहेरून कळलं, हेही तितकंच खरं. परकी चलन नियमन कायद्याखाली इथल्या व्यवसायातलं आपलं भागभांडवल कमी करण्याचा प्रश्न आला आणि १९७८ मध्ये आयबीएमने भारत सोडला. कंपनी गेली, यंत्रं इथेच राहिली. ती चालू ठेवायचं काम सीएमसी या सरकारी कंपनीकडे आलं. तिचं पूर्ण नाव कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन. देखभाल हा शब्द नावातच असलेली कंपनी सरकारने काढली होती, ही गोष्ट मला आजही मोलाची वाटते.

घरात तर दुरुस्ती गृहीतच धरलेली असे. रेडिओसाठी पोस्टातून लायसन्स काढावं लागे आणि दरवर्षी फी भरावी लागे, तो काळ ऐंशीच्या दशकापर्यंत चालला. एवढ्या सव्यापसव्याने घेतलेला सेट बंद पडला म्हणून कोण टाकून देणार? त्या सेटची रचनाही साथ देणारी होती. मागचा पुठ्ठा चार स्क्रू काढले की सुटायचा आणि अनेक सेटमध्ये आतल्या बाजूला सर्किटचा नकाशा चिकटवलेला असायचा. कुठला व्हॉल्व्ह, म्हणजे काचेची नळी, कुठे, हे त्यावर छापलेलं. म्हणजे सेट कधीतरी बिघडेल आणि कोणीतरी तो उघडेल, हे बनवणाऱ्यालाच मान्य होतं.

२ ऑक्टोबर १९७२ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं, १९८२च्या आशियाई खेळांबरोबर रंगीत प्रक्षेपण आलं. नव्वदच्या दशकात कंपन्यांनी ‘जुना टीव्ही द्या, नवा न्या’ योजना काढल्या. अकाईच्या योजनेची तर तेव्हा घरोघरी चर्चा होती. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण ज्या समाजाला ठाऊक होती, त्याला हा व्यवहार समजावून सांगावा लागला नाही. तिकडे जमा झालेले सेट पुन्हा विकले जात आणि ज्या घरात टीव्ही नव्हता तिथे पहिला टीव्ही पोचे.

या सगळ्याला आधार होता तो बाजारांचा. मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड, पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असलं तरी सुटे भाग घ्यायला जाणारा माणूस लॅमिंग्टनच म्हणतो. पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, आणि रविवारी-बुधवारी भरणारा जुना बाजार. तिथे चादरीवर मांडलेले चार्जर, मदरबोर्ड, मोटरी पाहून बाहेरच्याला भंगार दिसतं. मेकॅनिकला मात्र त्यात भाग दिसतात. एका दुरुस्तीच्या दुकानात मी हे जवळून पाहिलं. मॉनिटर अजिबात सुरू होत नव्हता. कारागिराने पॉवर सप्लायचा बोर्ड काढला आणि काही न बोलता बोट ठेवलं: दोन कपॅसिटरची, म्हणजे वीज साठवणाऱ्या बारक्या डब्यांची, डोकी फुगलेली. जुन्या बोर्डावरचे त्याच मापाचे दोन शोधून त्याने आधी मीटरवर तपासले, मग डाग दिला. पंधरा मिनिटांत पडदा उजळला. दोन बारक्या डब्यांपायी अख्खा मॉनिटर भंगारात जाणार होता.

नंतर बदलल्या त्या वस्तू. माणसांची सवय बदलली असं म्हणणं अर्धवट आहे. फोनची बॅटरी गोंदाने चिकटवली गेली, रॅम बोर्डावरच सोल्डर झाली, नकाशे कंपनीच्या कपाटात गेले. काही फोनमध्ये तर अस्सल भाग बसवला तरी सॉफ्टवेअर तो ओळखायला नकार देतं. स्मार्टफोनच्या आयुष्यभराच्या कार्बन उत्सर्जनातला बहुतांश वाटा तो तयार होतानाच खर्ची पडलेला असतो. म्हणून त्याचं एक-दोन वर्षांनी वाढलेलं आयुष्य ही मोठी बचत आहे.

कायद्याचं लक्ष मात्र आधी कचऱ्याकडे गेलं. घातक कचऱ्याच्या सीमापार वाहतुकीवरचा बासल करार १९८९चा. आपले ई-कचऱ्याचे पहिले स्वतंत्र नियम २०११ साली निघाले आणि १ मे २०१२पासून लागू झाले. त्यात उत्पादकावर जबाबदारी आली, पण सगळी मांडणी गोळा करा, फोडा, धातू काढा अशीच होती. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातल्या जेमतेम २२ टक्क्यांच्या पुनर्चक्रीकरणाची नोंद झाली. फोडाफोडीच्या वाटेनेही आपण फार पुढे गेलो नाही, हे त्यातून दिसतं.

दुरुस्तीचा विचार उशिरा आला. फ्रान्सने जानेवारी २०२१पासून काही वस्तूंवर दुरुस्तीयोग्यतेचे गुण छापणं सक्तीचं केलं. भारतात ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि वर्षअखेरीस पोर्टल सुरू केलं. १ एप्रिल २०२३पासून लागू झालेल्या नव्या ई-कचरा नियमांत एक तरतूद मला फार महत्त्वाची वाटते. वस्तू दुरुस्त होऊन पुन्हा वापरात गेली, तर तेवढ्या मालापुरती उत्पादकाची पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी पुढे ढकलली जाते, आणि वाढीव आयुष्य संपल्यावर ती पूर्ण नव्हे, ७५ टक्केच मोजली जाते. वस्तू जगवण्याला नियमात पहिल्यांदा किंमत लागली.

पण हा हिशेब नोंदणीकृत नूतनीकरण करणाऱ्याच्या प्रमाणपत्रावर चालतो. तपकीर गल्लीच्या आसपास एका टेबलावर, एका सोल्डरिंग गनवर काम करणारा कारागीर त्या नोंदणीत नाही. त्याने वाचवलेला मॉनिटर कुठल्याच खात्यात जमा होत नाही.