प्रयोगशाळेत उगवलेलं आतडं

लहान आतड्याच्या आतल्या अस्तराला उसंत अशी नसतेच. त्यातल्या बहुतेक पेशी चार-पाच दिवसांत झिजतात, गळून पडतात आणि त्यांची जागा नव्या पेशी घेतात. हा पुरवठा अस्तरातल्या सूक्ष्म खळग्यांच्या तळाशी असलेल्या मूलपेशी करतात, तोही जन्मभर. इतक्या जोमानं वाढणारं हे अस्तर शरीराबाहेर काढलं की मात्र फार काळ तग धरत नसे. त्यामुळे कित्येक दशकं संशोधकांना उंदरांवर किंवा कर्करोगाच्या गाठीतून मिळालेल्या पेशींवर भागवावं लागलं. अशा पेशी वाढतात भराभर, पण निरोगी आतड्यासारख्या त्या कशा वागणार?

कोंडी फुटली नेदरलँड्समधल्या उट्रेख्त शहरात. हान्स क्लेव्हर्स यांच्या गटाला २००७ मध्ये या मूलपेशी ओळखण्याची खूण सापडली. ती म्हणजे त्यांच्या पृष्ठभागावरचं एलजीआर-५ हे प्रथिन. दोनच वर्षांनी त्याच प्रयोगशाळेत तोशिरो सातो यांनी उंदराच्या आतड्यातल्या एकेकट्या मूलपेशी मऊ जेलमध्ये ठेवल्या आणि त्यांना ईजीएफ, नॉगिन आणि आर-स्पॉन्डिन ही वाढीला लागणारी प्रथिनं दिली. काही दिवसांत एका पेशीचा पोकळ गोळा झाला, मग त्याला बटाट्याच्या डोळ्यांसारखे कोंब फुटले. कोंबाच्या टोकाशी मूलपेशी आणि त्यांना खेटून त्यांची पाठराखण करणाऱ्या पॅनेथ पेशी, इतरत्र अन्नरस शोषणाऱ्या आणि श्लेष्मा स्रवणाऱ्या पेशी. कुणी कुठे बसायचं हे त्यांना बाहेरून कुणीही सांगितलं नव्हतं. या साऱ्या संशोधनात मला सर्वांत थक्क करतं ते हेच. २०११ मध्ये माणसाच्या पेशींपासूनही असे गोळे वाढवता आले. त्यांना ऑर्गनॉइड म्हणतात.

त्याच वर्षी अमेरिकेत सिनसिनाटीच्या बालरुग्णालयातल्या जेसन स्पेन्स आणि जेम्स वेल्स यांनी वेगळी वाट दाखवली. कोणताही अवयव घडवू शकणाऱ्या मूलपेशी घ्यायच्या आणि गर्भात आतडं ज्या क्रमानं घडतं, त्याच क्रमानं त्यांना रासायनिक इशारे द्यायचे. यातून अस्तराखालचा आधार देणारा थरही मिळतो. मात्र हे आतडं प्रौढ माणसाचं नसून गर्भातल्या बाळाच्या आतड्याच्या जवळचं असतं.

याचा थेट उपयोग पाहायचा तर सिस्टिक फायब्रोसिसकडे वळावं लागेल. या आनुवंशिक आजारात सीएफटीआर नावाचं प्रथिन बिघडतं, क्षार आणि पाणी पेशीबाहेर नीट जात नाही, श्लेष्मा घट्ट होतो. रुग्णाच्या गुदाशयातून अस्तराचा कणभर तुकडा घेऊन ऑर्गनॉइड वाढवतात आणि त्यावर सीएफटीआरला चालना देणारं फोर्स्कोलिन हे रसायन टाकतात. निरोगी माणसाचा गोळा आत पाणी भरून डोळ्यांदेखत टम्म फुगतो, रुग्णाचा जवळपास तसाच राहतो. आता औषध दिल्यावर तो फुगू लागला, तर ते औषध या रुग्णाला लागू पडण्याची आशा धरता येते. २०१३ मध्ये उट्रेख्तमध्येच मांडलेली ही चाचणी दुर्मीळ जनुकीय बिघाड असलेल्यांसाठी फार मोलाची आहे. मोजक्याच लोकांत आढळणाऱ्या बिघाडावर मोठी औषधचाचणी घेणार तरी कशी? नेदरलँड्समध्ये अशा काही रुग्णांना या ऑर्गनॉइडच्या भरवशावर औषध मिळालं.

उलट्या-जुलाबांची साथ पसरवणारा नोरोव्हायरस १९७२ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसला खरा, पण प्रयोगशाळेत तो वाढता वाढेना. २०१६ मध्ये ह्यूस्टनच्या बेलर कॉलेज ऑफ मेडिसिनमधल्या मेरी एस्टेस यांच्या गटानं त्याला ऑर्गनॉइडमधून मिळवलेल्या माणसाच्या आतड्याच्या पेशींवर वाढवलं. त्याच्या काही प्रकारांना त्यासाठी पित्तही लागतं, हे तेव्हाच कळलं.

तरीही हे पूर्ण आतडं नव्हे. अस्तरापासून वाढवलेल्या गोळ्यात रक्तवाहिन्या नसतात, मज्जातंतू नसतात, रोगप्रतिकारक पेशीही नसतात. शिवाय अन्नाकडे असणारी बाजू गोळ्याच्या आत कोंडलेली असते, म्हणून जंतू सोडायचे तर बारीक सुईनं टोचावं लागतं. नेहमीचं जेलही उंदराच्या गाठीतून काढलेलं, त्यामुळे उपचारासाठी ते जसंच्या तसं चालत नाही. अशा अडचणी असूनही २०२२ मध्ये टोकियोत अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या (मोठ्या आतड्याला सूज येऊन जखमा होणाऱ्या आजाराच्या) एका रुग्णाच्या स्वतःच्याच निरोगी अस्तरापासून ऑर्गनॉइड वाढवले गेले आणि एंडोस्कोपच्या साहाय्यानं मोठ्या आतड्यातल्या न भरणाऱ्या जखमेवर बसवले गेले.